परीक्षा इंग्रजीची, कस मराठीचा

इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत ‘तुम्हाला काय खायला आवडते?’ असा प्रश्न येऊ शकतो, हे ऐकून पुष्कळांना हसू येते. एवढी फी भरायची, गाव सोडून शहरात मुक्काम करायचा आणि तिथे जेवणाची चौकशी! परंतु सीमाभागातील आमच्या मुलामुलींची जीभ अडखळते ती अशाच साध्या प्रश्नावर. म्हणून ह्या विषयावर चार शब्द लिहावेत असे आम्हाला वाटले.

परदेशी शिक्षणासाठी वा नोकरीसाठी जाणाऱ्यांना ज्या इंग्रजी परीक्षा द्याव्या लागतात, त्यांत ‘आयेल्ट्स’ ही सर्वांत परिचित. १९८९ पासून ती ह्या नावाने चालू आहे. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे असे तिचे चार भाग असून गुणांची पट्टी ९ पर्यंत असते. बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची. परीक्षक माणूसच असतो, समोर बसलेला किंवा पडद्यावर दिसणारा. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी करायची आणि त्यासाठी हीच परीक्षा निवडली, तर बोलण्यात किमान ७ गुण लागतात. गावातून नर्सिंग शिकून बाहेर पडलेल्या मुलीचे पुढचे सारे बेत त्या पाव तासावर अवलंबून असतात.

आणि त्या पाव तासात ती काय सांगते? ‘माय फेवरिट फूड इज पिझ्झा.’ वास्तविक पिझ्झा तिने वर्षातून दोनदा खाल्लेला. तो कसा करतात, त्यात काय घालतात, हे तिला ठाऊक नाही. परीक्षकाने ‘का आवडतो?’ असे विचारले की उत्तर येते, ‘इट इज व्हेरी टेस्टी.’ तिथेच गाडी थांबते. रोजच्या ताटातली भाकरी, आमटी, खर्डा तिला सांगावासा वाटत नाही. भाकरीला इंग्रजी नाव नाही आणि गावाकडचे जेवण साहेबापुढे सांगण्यासारखे नाही, अशी समजूत मनात घट्ट बसलेली असते.

ही समजूत चुकीची आहे. परीक्षक पदार्थाला गुण देत नाही. तो चार गोष्टी पाहतो: बोलण्याचा ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरणाची विविधता व अचूकपणा, आणि उच्चार. चारही गोष्टींना सारखेच वजन. ओघ येतो तो माहितीच्या विषयात. जी वस्तू आपण रोज हाताळतो, तिच्याविषयी बोलताना विचार शोधावे लागत नाहीत, फक्त शब्द शोधावे लागतात. पिझ्झ्याबद्दल बोलताना दोन्ही शोधावे लागतात!

भाकरीचेच उदाहरण घेऊ. ज्वारीचे पीठ गरम पाण्यात मळायचे, हाताने थापायचे, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवायचे, उलटायची आणि मग विस्तवावर शेकायची. ती फुगते, पापुद्रा सुटतो. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून ती लाटण्याऐवजी थापतात. आता ह्यातली क्रियापदे पाहा. मळणे म्हणजे ‘नीड’ (लिहिताना पुढे ‘के’ येतो, पण तो उच्चारायचा नाही). थापणे म्हणजे ‘पॅट’, उलटणे ‘फ्लिप’, भाजणे ‘रोस्ट’, फुगणे ‘पफ अप’. एका भाकरीत पाच नेमके शब्द आले. ‘मेक’ आणि ‘टेस्टी’ ह्या दोन शब्दांवर साऱ्या जेवणाची बोळवण करणाऱ्या उत्तरापेक्षा हे उत्तर केव्हाही सरस.

पदार्थाचे नाव मराठीतच सांगावे आणि लगेच एका वाक्यात ते काय आहे ते उलगडावे. नेमका शब्द नसताना दुसऱ्या शब्दांत अर्थ पोचवणे हे कौशल्य परीक्षक मुद्दाम पाहतो. शिवाय इंग्रजीने तरी काय केले? आपली ‘चटणी’ त्यांनी ‘चटनी’ म्हणून घेतली, खिचडीची ‘केजरी’ केली, मराठी मुंगसाला ‘माँगूस’ म्हटले. आपणही पोर्तुगीजांकडून बटाटा आणि पाव हे शब्द घेतलेच की. शेजारच्या कन्नडात तूप ‘तुप्प’ होते, आंबील ‘अंबली’ होते, सांडगे ‘संडिगे’ होतात. शब्द असेच एका स्वयंपाकघरातून दुसऱ्यात जातात. त्यात कमीपणा कसला?

खरी काळजी वेगळीच आहे. थापणे, लाटणे, परतणे, तळणे, उकडणे, वाफवणे, कांडणे, भरडणे, ठेचणे ह्यांतला फरक मुलांना मराठीत तरी कळतो का? घरात आता ‘राइस’ वाढला जातो आणि भाजी ‘फ्राय’ होते. खमंग, खरपूस, तुरट, मिळमिळीत ह्या चवींची नावेच ज्याच्या कानावर पडली नाहीत, तो त्यांना इंग्रजी प्रतिशब्द शोधणार तरी कशाला? ज्या वस्तूला मनात मराठी शब्दाची खुंटी आहे, तिथेच इंग्रजी शब्द अडकतो. इंग्रजीसाठी मराठी बाजूला सारणाऱ्या पालकांनी ह्याचा विचार करावा. आमच्या मुलांना मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांतून वाट काढावी लागते. पहिली पक्की असेल तर उरलेल्या दोन सोप्या जातात.

परीक्षेच्या दुसऱ्या भागात एक कार्ड देतात. एक मिनिट विचार करायचा आणि एक ते दोन मिनिटे बोलायचे. ‘एखाद्या खास प्रसंगी खाल्लेला पदार्थ’ असा विषय निघाला, तर बेळगावचे मांडे आहेतच! हातावर फिरवून पातळ केलेली ती भली मोठी पोळी, उलट्या खापरावरची भाजणी, आत साखर, वर लग्नाची पंगत. दोन मिनिटे कमी पडतील. खानापूरकडच्याने नाचणी सांगावी, निपाणीकडच्याने ज्वारी, कारवारकडच्याने मासळी-भात. तिसऱ्या भागात परीक्षक खोलात शिरतो: लोकांचे खाणे का बदलले, जुने पदार्थ टिकावेत का? भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. ज्वारी-नाचणीवर वाढलेल्या मुलाला इथे मुद्द्यांची वाण पडू नये.

उत्तरे पाठ मात्र करू नयेत. घोकलेले वाक्य ऐकताच परीक्षक प्रश्न फिरवतो, आणि मग पाठांतर कामी येत नाही.

पालकांना आमची एकच सूचना आहे. रात्री जेवायला बसल्यावर ताटातला एक पदार्थ मुलाला दाखवावा आणि तो कसा होतो हे दोन मिनिटे मराठीत सांगायला लावावे. अडेल तिथे आईने नाहीतर आजीने शब्द पुरवावा. दुसऱ्या दिवशी तोच पदार्थ इंग्रजीत. ह्याला क्लासची फी लागत नाही, आणि भाकरीही गरम असतानाच खाऊन होते.