विश्लेषण : एकट्याने उचलता येणारी मशीनगन मराठा पलटणींपर्यंत कशी पोहोचली?

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, उतरलेल्या मराठा पलटणींकडे सुरुवातीला हलकी मशीनगन नव्हतीच. सहाव्या पुणे डिव्हिजनमधील १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी कुटच्या वेढ्यात अडकल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार जणांनी शरणागती पत्करली. कुट पडले ते उपासमारीमुळे, बंदुकांअभावी नव्हे. पण तिथपर्यंतची प्रत्येक चढाई या जवानांनी जवळपास केवळ रायफलींच्या बळावर केली होती.

पलटणीकडे मशीनगन किती होत्या?

युद्धारंभी फक्त दोन, त्याही पाण्याने थंड होणाऱ्या मॅक्सिम. तिची सुधारित आवृत्ती असलेली व्हिकर्ससुद्धा तिवई आणि पाण्यासह ४० किलोंच्या घरात जाई. नळीभोवतीच्या टाकीत चार लिटरहून अधिक पाणी लागे, तेही वाळवंटात! अशी तोफच म्हणावी इतकी अवजड गन खेचरावरून न्यायची. पायदळ उघड्या मैदानात पुढे धावले की ती मागे राही.

लुईस गनमध्ये वेगळे काय होते?

अमेरिकी लष्करातील कर्नल आयझॅक न्यूटन लुईस यांनी १९११च्या सुमारास ती विकसित केली. अमेरिकी लष्कराने नाकारल्यावर ते बेल्जियमला गेले. पुढे ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅमच्या बीएसए कारखान्यात तिचे मोठे उत्पादन झाले. एका व्हिकर्सच्या वेळेत सहा लुईस तयार होत, असे सांगितले जाते.

वजन सुमारे १३ किलो. पोशेऱ्याच्या चढावर डोक्यावरून येणारा भरलेला हंडा साधारण तेवढाच असतो. गोळी सुटल्यावर नळीतील थोडा वायू छिद्रातून दट्ट्यावर येतो, दट्ट्या मागे जाताना घड्याळासारखी स्प्रिंग गुंडाळतो आणि ती स्प्रिंग त्याला पुन्हा पुढे ढकलते. पाण्याऐवजी नळीभोवती ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि त्यावर जाड नळकांडे. गंमत म्हणजे विमानांवर हे नळकांडे काढून टाकले, तरी गन व्यवस्थित चाले.

मग अडचण कुठे होती?

वरच्या गोल थाळीत ४७ गोळ्या बसत. मिनिटाला साडेपाचशेच्या वेगाने त्या पाच सेकंदांत संपत. त्यामुळे थोड्या थोड्या गोळ्यांचा मारा करायचा, हे गनरला शिकवावे लागे आणि थाळ्या वाहायला त्याच्यामागे साथीदार लागत. थाळी खालून उघडी असल्याने चिखल आणि वाळू थेट आत जाई. मेसोपोटेमियातील धुळीत हे दुखणे किरकोळ नव्हते.

तरीही १९१६च्या अखेरीस जनरल मॉड यांच्या फौजेला लुईस मिळाल्या आणि ११ मार्च १९१७ रोजी बगदाद हाती आले. त्या विजयाचे श्रेय एकट्या गनला देणे चूक ठरेल. रसद, नदीवरच्या बोटी आणि रुग्णालयेही तोवर सुधारली होती. फरक पडला तो तुकडीच्या पातळीवर. झोपून गोळीबार करणारे दोघे शत्रूला मान वर काढू देत नव्हते, तेवढ्यात बाकीचे पुढे सरकत. युद्ध संपताना ब्रिटिश पलटणीकडे ३६ लुईस होत्या.

भारतीय लष्कराने १९३३ मध्ये तिच्या जागी व्हिकर्स-बर्थिए स्वीकारली. तिचे उत्पादन ईशापूरला होई. त्यानंतर ब्रेन आली.