दिसायला सारख्या, वाजायला वेगळ्या: इलेक्ट्रिक गिटार निवडताना काय बघायचं?

गेल्या महिन्यात धाकट्या भावाने मला दोन फोटो पाठवले. खाली एकच ओळ: "ताई, यातली कुठली घेऊ? तू तारांवर पीएचडी करतेस ना!"

एक स्क्वायरची स्ट्रॅटोकास्टर (स्क्वायर म्हणजे फेंडरचाच स्वस्तातला ब्रँड), दुसरी यामाहाची पॅसिफिका 112. दोन्हींना दोन शिंगं, भरीव अंग, सहा तारा. लांबून बघितलं तर जुळ्या बहिणीच. भाऊ गणपतीत ऑर्केस्ट्रात वाजवतो, दोन सीझनचे पैसे साठवलेत, म्हणजे चूक परवडणारी नाही. त्याची सगळी चौकशी मात्र एकाच गोष्टीभोवती: "एकीचं लाकूड अल्डर, दुसरीचं पॉप्लर. आवाज कुणाचा भारी?"

लाकडापासून सुरुवात करायची ही सवय आपल्याकडे साहजिक आहे. कोल्हापूरपासून तासाभरावर मिरज. तिथल्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्यात तार घोडीला हलवते, घोडी तबलीला, आणि तबली-भोपळा मिळून हवेला. तार स्वतः इतकी बारीक की ती हवा फारशी ढकलू शकत नाही. म्हणून तिथे भोपळा कसा, लाकूड कसं, हा प्रश्न अगदी बरोबर.

इलेक्ट्रिक गिटारचा रस्ताच वेगळा. तारेखाली पिकअप असतो, म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची स्टीलची तार हलली की वेढ्यांतून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वीजदाब तयार होतो. दहावीला शिकलेला फॅरडे, बस्स. पिकअप तारेची हालचाल "बघतो", लाकडाचा आवाज ऐकत नाही. म्हणून तुलना करताना क्रम बदला.

1. तारेची लांबी. घोडीपासून नटपर्यंतची लांबी मोजा. फेंडर घराण्यात ती 25.5 इंच, म्हणजे 648 मिमी. पॅसिफिकातही तेवढीच. गिब्सन लेस पॉल आणि तिची स्वस्त बहीण एपिफोन यांची नाममात्र लांबी 24.75 इंच, साधारण 628 मिमी. दोन सेंटिमीटरने काय होतं? तीच तार त्याच सुराला लावायची तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. हिशेब केला तर छोट्या गिटारवर ताण सुमारे 6 टक्के कमी. तार बोटाला मऊ लागते, मींड सोपी जाते. भावाच्या दोन्ही गिटारी इथे बरोबरीत.

2. पिकअप कुठे बसवलाय? हलणाऱ्या तारेत मूळ सुराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे हार्मोनिकही असतात. प्रत्येकाचे काही बिंदू स्थिर राहतात. 648 मिमीच्या मोकळ्या तारेवर घोडीपासून 162 मिमीवर, म्हणजे पाव लांबीवर, चौथ्या हार्मोनिकचा स्थिर बिंदू येतो. स्ट्रॅटचा नेककडचा पिकअप जवळजवळ तिथेच असतो, त्यामुळे मोकळ्या तारेचा चौथा हार्मोनिक त्याला दिसतच नाही म्हणा ना. फ्रेट दाबली की बिंदू सरकतात आणि हिशेब बदलतो. घोडीजवळचा पिकअप वरचे हार्मोनिक जास्त पकडतो, म्हणून आवाज धारदार.

जाता जाता एक गंमत. ज्या बिंदूवर तार छेडू, तिथे स्थिर राहणारे हार्मोनिक उमटायला नकोत, असा नियम आहे. 1921 मध्ये सी. व्ही. रामन यांनी दाखवलं की तंबोऱ्यावर आणि वीणेवर तो मोडतो, कारण तिथली घोडी रुंद आणि वक्र असते. हीच आपली जवारी. गिटारची घोडी अरुंद, म्हणून ती नियम मुकाट पाळते.

3. कॉइल आणि केबल. खरा फरक इथे आहे. भावाच्या स्ट्रॅटवर तीन सिंगल कॉइल, तर पॅसिफिकावर घोडीजवळ हमबकर. गिब्सनमधल्या सेथ लव्हर यांनी 1955 च्या सुमारास विकसित केलेल्या या पिकअपमध्ये दोन कॉइल उलट्या जोडलेल्या असतात. तारेचा सिग्नल बेरजेत येतो, विजेची 50 हर्ट्झची गुणगुण वजा होते. मंडपात लायटिंगच्या वायरींमध्ये उभं राहून वाजवणाऱ्याला याची किंमत कळते.

शिवाय पिकअपचं प्रेरकत्व आणि केबलची धारकता मिळून एका वारंवारतेला उठाव देतात. पिकअप 2.5 हेन्रीचा, केबल 3 मीटरची (मीटरला साधारण 100 पिकोफॅरड) धरली तर तो उठाव 5.8 किलोहर्ट्झच्या आसपास येतो. केबल 6 मीटरची केली की तो 4.1 वर उतरतो आणि आवाज बोथट होतो. गिटार तीच! केबल हासुद्धा वाद्याचाच भाग समजा.

4. आता लाकूड. त्याला अगदीच काम नाही असं नाही. काही फ्रेटवर सूर लवकर मरतो, त्याला "डेड स्पॉट" म्हणतात. फ्लायशर आणि झ्विकर यांनी 1998 मध्ये, आणि पाते, ल कारू व फाब्र यांनी 2014 मध्ये हे मोजून दाखवलं: एखाद्या सुराला नेक स्वतःच डोलायला तयार असेल, तर तारेची ऊर्जा नेकमध्ये निघून जाते. म्हणजे लाकडाचा परिणाम मुख्यतः सूर किती टिकतो यावर. आणि लाकूड नैसर्गिक, म्हणून एकाच मॉडेलच्या दोन नगांतही तो वेगळा असू शकतो.

मग दुकानात काय कराल? दोन्हींना सारख्या जाडीच्या तारा असल्याची खात्री करा. एकच केबल, एकच अ‍ॅम्प, नॉब जागच्या जागी. पिकअपची उंची बघा, कारण तो तारेच्या जवळ आला की आवाज मोठा होतो आणि मोठा आवाज कानाला उगाच "चांगला" वाटतो. मग प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट एकेकदा वाजवून सूर टिकतो का ते ऐका. शेवटी पाठ फिरवा आणि मित्राला आलटून पालटून वाजवायला सांगा. आपले डोळे फार पक्षपाती असतात.

भावाने हे सगळं केलं. दुकानदार वैतागला म्हणे. पाठ फिरवून ऐकल्यावर अल्डर कुठली आणि पॉप्लर कुठली, हे त्याला ओळखता आलं नाही; हमबकर मात्र पहिल्या फटक्यात ओळखला. जी आवडली, तिच्या तिसऱ्या तारेवर एक सूर पटकन विझत होता. त्याने त्याच मॉडेलचा दुसरा नग काढायला लावला, तो स्वच्छ निघाला. कुठली घेतली ते इथे सांगत नाही, नाहीतर तुम्ही तीच घ्यायला जाल. तुमच्या हातात येणारा नग वेगळा असणार, तो तुम्हीच वाजवून बघा.