लाटेवरची पकड: फिनबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

लाटेच्या तळाशी जोरात वळताना विंडसर्फिंगच्या बोर्डाची शेपटी सटकली, की बहुतेकांचा संशय सगळ्यात आधी फिनच्या, म्हणजे बोर्डाच्या तळाला बसवलेल्या पात्याच्या, लांबीवर जातो. ‘मोठी फिन लाव’ हा सल्ला प्रत्येक किनाऱ्यावर मिळतो आणि तो बऱ्याचदा चुकतो. लांबी हा पकडीचा एक भाग झाला. फिन कुठे बसवली आहे, तिची कड कशी आहे आणि तुमचा मागचा पाय तिच्यावर कसा भार टाकतो, या गोष्टी तितक्याच महत्त्वाच्या आहेत. त्या तपासायला पैसेही लागत नाहीत.

‘फिन जितकी लांब, तितकी पकड जास्त’

गोव्यात किंवा मुंबईत ज्यांनी विंडसर्फिंग पाहिलं आहे, त्यांनी बहुधा शर्यतीचे बोर्ड पाहिलेले असतात. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली भारताच्या इबाद अलीने ज्या आरएस:एक्स प्रकारात कांस्यपदक मिळवलं, त्या प्रकारच्या बोर्डाला पुरुषांसाठी ६६ सेंटिमीटरची फिन असते. लाटेवरच्या बोर्डाला एकच फिन असेल तर ती साधारण २१ ते २३ सेंटिमीटरची, दोन असतील तर प्रत्येकी १५ ते १७. तीन असतील तर मधली १६ ते १९ आणि बाजूच्या जेमतेम १०. हा फरक कामातला आहे. शर्यतीच्या बोर्डाला मोठं शीड घेऊन वाऱ्यावर चढायचं, म्हणजे वारा येतो त्या दिशेने पुढे जायचं असतं. लाटेवरच्या बोर्डाला कडेवर कलून वळायचं असतं.

फिनवरचा बाजूचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला, की त्याच कोनात तीच फिन चौपट जोर लावते. त्यामुळे मंद वाऱ्यात सुखाची वाटणारी लांब फिन लाटेच्या उतारावर वेग आला की शेपटीच उचलू लागते. बोर्ड कडेवर कलत नाही, पाण्यावर नाचतो. स्वाराला वाटतं पकड कमी पडली. खरं तर फिन गरजेपेक्षा मोठी झालेली असते. वळणातली बरीचशी पकड बोर्डाच्या पाण्यात रुतलेल्या कडेची असते, आणि अवाजवी मोठी फिन ती कड रुतूच देत नाही.

‘शेपटी सटकली म्हणजे कॅव्हिटेशन झालं’

हा शब्द सर्रास वापरला जातो आणि जवळजवळ नेहमीच चुकीचा असतो. कॅव्हिटेशन म्हणजे दाब इतका घसरणं की पाण्याचीच वाफ होऊन बुडबुडे तयार व्हावेत. त्याला प्रचंड वेग लागतो. पॉल लार्सनने २०१२ साली नामिबियातल्या वॉल्विस बे इथे ‘सेलरॉकेट २’ ही शिडाची बोट ५०० मीटरवर सरासरी ६५.४५ नॉट वेगाने नेली. तिचं पाण्यातलं पातं या अडचणीचा विचार करूनच घडवलेलं होतं. लाटेवरचा विंडसर्फर त्या वेगाच्या आसपासही नसतो.

त्याच्या फिनला होतं ते व्हेंटिलेशन. फिनच्या एका अंगाला दाब कमी झालेला असतो. पृष्ठभागावरची हवा संधी मिळताच तिथे खाली ओढली जाते, फिनच्या एका बाजूला पाण्याऐवजी हवा येते आणि जोर एका क्षणात नाहीसा होतो. संधी कुठून मिळते? मागच्या पायाने दिलेल्या झटक्यातून. फेसाळलेल्या पाण्यातून. फिनचं बूड आणि बोर्डाचा तळ यांच्यात राहिलेल्या फटीतून. आणि पुढच्या कडेवरच्या खाचेतून.

ही शेवटची गोष्ट हाताने तपासून पाहा. अंगठ्याचं नख फिनच्या पुढच्या कडेवरून टोकापासून बुडापर्यंत हलकेच फिरवा. नख जिथे अडकेल, तिथे पाण्याचा प्रवाहही फिनपासून सुटतो. खडकाला किंवा वाळूला घासून झालेली अशी खाच इपॉक्सीने भरायची, वाळली की आधी जाड आणि मग ४०० ते ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासायची. कडेचा मूळ गोलावा मात्र जपायचा. चाकूसारखी धार काढली तर फिन लवकरच पाणी सोडते.

शेपटी सटकल्यावर पाय आणखी जोरात दाबणं ही सहज प्रतिक्रिया असते, पण त्याने हवा टिकून राहते. मागच्या पायावरचा भार काढायचा, शेपटी पायांनी अंगाखाली ओढून घ्यायची आणि बोर्ड थोडा वाऱ्यापासून वळवायचा, की पाणी फिनला पुन्हा चिकटतं.

‘फिन्स जास्त, तर पकड जास्त’

सर्फबोर्डवर तीन फिन्सची रचना ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने १९८१च्या सुमारास रुळवली. विंडसर्फिंगच्या लाटांच्या बोर्डांवर एकाच फिनचं राज्य त्यानंतरही बरीच वर्षं टिकलं. अनेक फिन्सचा फायदा संख्येत नाही, जागेत आहे. बोर्ड कलला की मधली एकटी फिन पाण्यातून काही अंशी वर येते. कडेजवळची छोटी फिन खोलवर राहते.

याची किंमतही मोजावी लागते. आखूड फिन्स वाऱ्यावर चढताना कमी कार्यक्षम असतात. बाजूच्या फिन्सच्या पुढच्या कडा किंचित आत वळवलेल्या असतात, त्यामुळे सरळ जाताना त्या पाणी अडवतात. एकाच मोठ्या फिनवर रेलून जायची सवय असलेला माणूस अशा बोर्डावर पहिल्याच दिवशी शेपटी सटकवतो आणि फिन्सना दोष देतो. इथे भार दोन्ही पायांवर वाटून, बोर्डाच्या कडेवर जायचं असतं. माझं मत स्पष्ट आहे: बोर्ड बदलण्याआधी महिनाभर पायांची सवय बदलून पाहावी.

बाजूच्या फिन्सबद्दल आणखी एक. त्या बहुधा एका अंगाने सपाट असतात आणि ते सपाट अंग आतल्या बाजूला, म्हणजे बोर्डाच्या मध्यरेषेकडे येतं. डावी-उजवी बदलली तर कोणतंही माप कामी येणार नाही.

‘फिन पुढे-मागे केल्याने फारसा फरक पडत नाही’

पडतो, आणि तो पाच मिलिमीटरपासून जाणवू लागतो. फिन मागे सरकवली की बोर्ड सरळ धावायला पक्का होतो, शेपटीची पकड वाढते, वळणं लांबट होतात. पुढे आणली की बोर्ड मोकळा होतो, लहान जागेत वळतो, पण शेपटी लवकर सुटते. सुरुवात बोर्डातल्या, फिन बसते त्या खाचेच्या मध्यापासून करावी.

तीन फिन्सच्या बोर्डावर तळाच्या वळणात शेपटी सुटत असेल, तर आधी मधली फिन सेंटिमीटरभर मागे न्या. तेवढ्याने भागलं नाही, तर मधली एक सेंटिमीटर मोठी लावा. उलट लाटेच्या माथ्यावर बोर्ड वळायला हट्टीपणा करत असेल, तर मधली पुढे आणा किंवा लहान करा. वाऱ्यावर चढता येत नसेल, तर मधली मोठी आणि बाजूच्या लहान.

जागाही पाहावी लागते. ग्रॅन कनारिया बेटावरच्या पोझो इथे जोरदार वारा स्वाराला लाटांबरोबर किनाऱ्याकडे ढकलतो, तिथे वाऱ्यावर चढण्याची ताकद सोडून चालत नाही. माउई बेटावरच्या होओकिपाला वारा किनाऱ्याला आडवा आणि लाट स्वच्छ असते. तिथे मोकळ्या शेपटीचं चीज होतं.

एका वेळी एकच बदल करा आणि त्याच दिवशी, त्याच पाण्यात ताडून पाहा. मूळ जागेवर मार्करने रेघ मारून ठेवा. मास्टचा, म्हणजे शिडाच्या खांबाचा, पाया त्या वेळी हलवू नका. तो पुढे नेल्यानेही बोर्ड स्थिर होतो, आणि मग श्रेय कोणाला द्यायचं ते कळत नाही.

‘कडक फिन नेहमी चांगली’

जी-१० (काचतंतू आणि इपॉक्सीचा थर) किंवा कार्बनची कडक फिन दाबाला लगेच उत्तर देते. पण खडबडीत पाण्यात थोडं लवणारं टोक अचानक आलेला भार सोडून देतं, आणि फिन पाण्यात टिकते. हलक्या वजनाच्या स्वाराला कडक फिन बऱ्याचदा ताठर वाटते.

‘स्क्रू जितका आवळला, तितकं बरं’

जास्त आवळल्याने बोर्डातली खाच तडकते आणि ती दुरुस्ती फिनपेक्षा महाग पडते. बसवण्याआधी खाचेतली वाळू धुऊन काढा. वाळूचा एक कण राहिला तरी फिन तिरपी बसते. मग फिनचं टोक बोटांत धरून डावीकडे-उजवीकडे हलवून पाहा. खळखळली, तर बुडाला टेपचा एक पदर लावून पुन्हा बसवा.