छापण्याआधीच वाचक!

📚 प्रकाशनपूर्व सवलतीची जाहिरात दिसली की मला डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर आठवतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची पीएच.डी. मिळवून परतलेल्या या माणसाने मराठीत ज्ञानकोश करायचा घाट घातला. पदरी पैसा नव्हता. मग त्यांनी चक्क लिमिटेड कंपनी काढली, शेअर विकले, गावोगाव हिंडून आगाऊ वर्गणीदार जमवले. एकही खंड हाती नसताना लोकांनी विश्वास टाकला! आणि १९२०च्या दशकात ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड पूर्ण झाले.

आजही जाडजूड वैचारिक पुस्तकाच्या किती प्रती काढायच्या, याचा अंदाज प्रकाशकाला आगाऊ नोंदणीवरून येऊ शकतो. तेव्हा आवडत्या विषयावरचं पुस्तक येतंय असं कळलं, तर ग्रंथप्रदर्शनाची वाट बघू नका. आपली प्रत आधीच नोंदवा!