कुत्र्याचा पत्ता

भटक्या कुत्र्यांच्या संततिनियमनाचा अल्पखर्चाचा दवाखाना म्हटला की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे पशुवैद्य आणि त्याची सुरी उभी राहते. सुरी पशुवैद्याचीच, इतरांनी तिला हात लावू नये. परंतु तिच्या आधीचे व नंतरचे काम पुष्कळदा स्वयंसेवकांच्या वाट्याला येते, आणि खर्च आटोक्यात राहतो तो बराचसा त्यामुळेच.

मादीचे गर्भाशय व बीजकोश काढतात, नराचे वृषण. भुलीखालच्या जनावराच्या अंगातली ऊब झपाट्याने उतरते. म्हणून ते शुद्धीवर येईपर्यंत त्याला जुन्या चादरीत गुंडाळणे, जीभ बाहेर घेऊन श्वासाची वाट मोकळी ठेवणे, पुढे टाके चाटू न देणे, ही कामे डोळ्यांत तेल घालून करावी लागतात. त्याच मुक्कामात रेबीजची लस टोचतात व कानाचा कोपरा कापतात. हा कापलेला कान पुष्कळांना क्रौर्याची खूण वाटतो. वस्तुतः ते त्या कुत्र्याचे प्रमाणपत्र होय.

मला मात्र सर्वांत मोलाची वाटते ती नोंदवही. फायलींत वावरणाऱ्याचा पक्षपात म्हणा हवा तर! कुत्रा कोणत्या गल्लीत, कोणत्या दुकानापुढे धरला, हे तीत अचूक लिहावे लागते. कारण त्याला तेथेच परत सोडावयाचे असते. परक्या हद्दीत टाकलेल्या कुत्र्यावर तेथली कुत्री तुटून पडतात, आणि त्याच्या रिकाम्या जागी, उकिरडा कायम असल्याने, लस न टोचलेली नवी कुत्री येतात. २००१ चे नियम आणि त्यांच्या जागी आलेले २०२३ चे नियम, दोन्हींचा भर यावरच आहे. शाळा, रुग्णालये, बसस्थानके यांच्या आवारांपुरता वेगळा आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. त्यामुळे जागेची नोंद अधिकच काटेकोर हवी.

जयपूर शहरात नोव्हेंबर १९९४ ते डिसेंबर २००२ या काळात सुमारे २५,००० कुत्र्यांवर अशी शस्त्रक्रिया व लसीकरण झाले. त्या भागात कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटली, आणि माणसांतील रेबीज शून्यावर आला. आठ वर्षांचे हे फळ. आठ दिवसांत रस्ते मोकळे मागणाऱ्यांनी ते ध्यानी घ्यावे.

या कामास जाणाऱ्याने आधी स्वतः प्रतिबंधक लस घ्यावी. तरीही दात लागलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय जवळजवळ उरत नाही.