उंच माणसांसाठी किचन ओट्याची उंची किती असावी? मोबाईलने तपासा, गणित समजून घ्या आणि ओटा न तोडता उपाय करा

नोकरी किंवा शिक्षणासाठी रूम घेऊन राहायला लागलं की स्वयंपाक आपला आपल्यालाच करावा लागतो. तुमची उंची ५ फूट ८ इंचांपेक्षा जास्त असेल, तर एक अनुभव तुम्हाला नक्की आला असेल. दोन कांदे, चार बटाटे चिरून आणि सिंकमधली भांडी घासून होईपर्यंत कंबर भरून येते. घरचे म्हणतात, "सवय नाही ना, म्हणून दुखतंय." सवयीचा थोडा भाग असेलही, पण बऱ्याचदा खरं कारण तुमच्या समोरच असतं, ते म्हणजे ओट्याची उंची.

आजच्या लेखात आपण पाहूया की ओटा आपल्यासाठी बुटका आहे का हे कसं ओळखायचं, योग्य उंची कशी काढायची आणि भाड्याच्या घरातसुद्धा काय करता येतं.

ओटा ३२-३४ इंचांचाच का असतो?

आपल्याकडे बहुतेक फ्लॅटमध्ये ओटा ३२ ते ३४ इंच, म्हणजे ८१ ते ८६ सेंटीमीटर उंच असतो. हा आकडा चुकीचा नाही, फक्त तो कोणासाठी बरोबर आहे ते बघायला हवं.

उभं राहून हातानं करायच्या हलक्या कामासाठी एक साधा नियम वापरतात: कामाची जागा कोपरापेक्षा १० ते १५ सेंटीमीटर खाली असावी. माणसाचं कोपर जमिनीपासून साधारण त्याच्या उंचीच्या ६३ टक्क्यांवर येतं. आता ५ फूट, म्हणजे १५२ सेंटीमीटर उंचीच्या बाईचा हिशेब करा. कोपर ९६ सेंटीमीटरवर, त्यातून १० ते १५ वजा केले की ८१ ते ८६. म्हणजे बरोबर ३२ ते ३४ इंच!

थोडक्यात, आपला ओटा ५ फुटांच्या आसपास उंची असलेल्या बाईला फिट बसतो. स्वयंपाकघरात तीच उभी राहणार हे गृहीत धरलेलं असतं. सहा फुटी मुलगा किंवा पावणेसहा फुटी मुलगी तिथे उभी राहील, हा विचार त्यात नसतो.

त्याआधी आपल्याकडे हा प्रश्न फारसा नव्हताच. चूल जमिनीवर, विळी जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर. बसून काम असलं की उंच-बुटक्याचा फरक बराच कमी होतो. उभ्याचा ओटा आला आणि उंचीचा प्रश्न त्याच्याबरोबर आला.

तुमच्या उंचीला किती ओटा हवा?

वरच्या नियमानं काढलेले हे अंदाजे आकडे बघा:

- ५ फूट: ८१ ते ८६ सेंटीमीटर (३२ ते ३४ इंच)
- ५ फूट ४ इंच: ८८ ते ९३ सेंटीमीटर (साडेचौतीस ते साडेछत्तीस इंच)
- ५ फूट ८ इंच: ९४ ते ९९ सेंटीमीटर (३७ ते ३९ इंच)
- ६ फूट: १०० ते १०५ सेंटीमीटर (३९ ते ४१ इंच)
- ६ फूट ३ इंच: १०५ ते ११० सेंटीमीटर (४१ ते ४३ इंच)

सहा फुटी माणूस ३३ इंची, म्हणजे ८४ सेंटीमीटरच्या ओट्यासमोर उभा राहिला तर त्याला १६ ते २१ सेंटीमीटर कमी पडतात. हा फरक तो कुठून भरून काढणार? पाठ वाकवून.

पण ही यादी फक्त अंदाजासाठी आहे. एकाच उंचीच्या दोन माणसांचे हात-पाय सारखे नसतात. म्हणून आपलं कोपर मोजा. घरात चपला घालत असाल तर चपला घालून सरळ उभे राहा, खांदे सैल सोडा, कोपर काटकोनात दुमडा आणि दुसऱ्या कोणालातरी जमिनीपासून कोपराच्या खालच्या टोकापर्यंत टेपनं मोजायला सांगा.

आयफोनमधलं ‘मेजर’ अ‍ॅप किंवा अँड्रॉइडवरची कॅमेऱ्यानं मोजणारी अ‍ॅप्स अंदाज घ्यायला बरी आहेत, पण त्यांच्यात एक-दोन सेंटीमीटरचा फरक सहज पडू शकतो. सुताराला किंवा मिस्त्रीला आकडा द्यायचा असेल तर टेपच वापरा.

थोडंसं वाकलं तर बिघडतं कुठे?

इथे शाळेतला तरफेचा धडा कामी येतो. समजा, तुमच्या कमरेच्या वरच्या भागाचं वजन ३५ किलो आहे. सरळ उभे असताना हे वजन जवळपास कण्याच्या रेषेत असतं, त्यामुळे पाठीच्या स्नायूंना फार ओढावं लागत नाही.

तुम्ही ३० अंश पुढे वाकलात की या वजनाचा मध्य कमरेपासून साधारण १४ सेंटीमीटर पुढे जातो. त्याला मागून धरून ठेवणारे पाठीचे स्नायू मात्र कण्याच्या जेमतेम ५ सेंटीमीटर मागे असतात. सी-सॉची एक बाजू लांब आणि दुसरी आखूड असावी, तसं हे झालं. आखूड बाजूला जास्त जोर लावावा लागणारच. हिशेब असा: ३५ गुणिले १४ भागिले ५, म्हणजे जवळपास १०० किलोची ओढ! हेच वाकणं १० अंशांवर आणलं तर ओढ ३५ किलोच्या आसपास येते.

हा ढोबळ हिशेब आहे, प्रत्येकाच्या शरीराप्रमाणे आकडे बदलतील. पण मुद्दा लक्षात येतो. एखादी वस्तू उचलायला क्षणभर वाकणं वेगळं आणि भांडी घासताना वीस मिनिटं तसंच राहणं वेगळं.

मोबाईलने आपली पाठ कशी तपासायची?

१. फोन स्टँडवर किंवा पुस्तकांच्या थप्पीवर कमरेच्या उंचीला, तुमच्यापासून साधारण ६-७ फुटांवर, बाजूनं दिसेल असा ठेवा.

२. नेहमीसारखी भाजी चिरा, मग भांडी घासा आणि व्हिडिओ चालू राहू द्या. पहिली दोन मिनिटं आपण कॅमेऱ्यासाठी ताठ उभे राहतो, त्यामुळे किमान दहा मिनिटं शूट करा.

३. शेवटच्या भागातला एक स्क्रीनशॉट घ्या. फोटो एडिटरमधल्या पेननं कमरेपासून खांद्यापर्यंत रेष मारा. दुसरी रेष दाराच्या चौकटीला समांतर, सरळ उभी मारा.

४. दोन्ही रेषांमधला कोन बघा. कामाच्या जागेवरची शरीराची ठेवण तपासण्यासाठी १९९३ पासून ‘रुला’ नावाची पद्धत वापरली जाते. तिच्यात पाठ २० अंशांपर्यंत वाकलेली असेल तर कमी गुण मिळतात, २० ते ६० अंशांत जास्त. आणि इथे जास्त गुण म्हणजे जास्त धोका!

चिरताना आणि घासताना वेगवेगळे स्क्रीनशॉट घ्या. बहुतेकांना सिंकसमोरचा फोटो जास्त वाईट दिसेल. कारण ओटा ३३ इंच असला तरी सिंक ८ इंच खोल असतं, म्हणजे तुमचे हात २५ इंचांवर काम करत असतात.

ओटा न तोडता करता येणारे उपाय

*चिरण्यासाठी उंच पाट:* सगळ्यात स्वस्त आणि परिणामकारक उपाय. जाड चॉपिंग बोर्डला पाय बसवून घ्या किंवा चांगला मजबूत चौरंग वापरा. किती उंच? तुमच्या कोपराच्या उंचीतून ओट्याची उंची आणि वर १२ सेंटीमीटर वजा करा. कोपर ११५ आणि ओटा ८४ असेल तर १९ सेंटीमीटर. पैसे खर्च करण्याआधी रद्दीचे गठ्ठे ठेवून, त्यावर बोर्ड ठेवून, सुरी न घेता नुसती हाताची हालचाल करून बघा. खांदे वर उचलले जात असतील तर थोडी उंची कमी करा. कायमच्या पाटाखाली रबरी मॅट हवीच. हलणाऱ्या पाटावर सुरी चालवणं म्हणजे कंबर वाचवून बोट गमावणं.

*सिंकमध्ये टब:* सिंकच्या तळाशी स्टीलची जाळी किंवा स्टँड ठेवून त्यावर टब ठेवा. हात ४-५ इंच वर येतात. नळ आडवा येत असेल तर उंच मानेचा नळ बसवता येतो.

*पायाखाली पाट:* एक पाय ४-५ इंचांच्या पाटावर ठेवा आणि थोड्या वेळानं पाय बदला. कमरेचा ताण हलका होतो.

*पाय आत जायला जागा:* ओट्याखालच्या ट्रॉल्यांच्या तळाशी ३-४ इंचांची खाच नसेल तर पावलं बाहेर राहतात आणि आपण पुढे झुकतो. अशा वेळी खालचं एक दार उघडून पाय आत घेतले तरी फरक पडतो.

*बसून काम:* शेंगा सोलणं, भाजी निवडणं ही कामं ओट्यावर उभं राहून करायची गरजच नाही. टेबल-खुर्ची किंवा जमीन, जे सोयीचं वाटेल ते वापरा.

गॅस वर उचलायचा का?

नाही! शेगडीचीच उंची चार-पाच इंच असते, वर कढई किंवा कुकर आला की हात आपोआप वर येतात. शिवाय कढईत वरून डोकावता आलं पाहिजे. शेगडीखाली चौरंग किंवा विटा ठेवल्या तर ती घसरू शकते आणि रबरी नळी ताणली जाऊ शकते. शेगडी ओट्यावरच राहू द्या.

कणीक मळणं आणि पोळ्या लाटणं यासाठीही जागा थोडी खालीच बरी, कारण तिथे अंगाचा भार वरून द्यावा लागतो. म्हणजे तुमचा ‘बुटका’ ओटा या कामांना चालतो. त्रास मुख्यतः चिरण्याचा आणि घासण्याचा आहे.

नवीन किचन करताना काय सांगायचं?

अमेरिकन टीव्हीवरच्या प्रसिद्ध शेफ ज्युलिया चाइल्ड ६ फूट २ इंच उंच होत्या. तिकडे ओट्याची नेहमीची उंची ३६ इंच. १९६१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या घरात त्यांचे पती पॉल यांनी त्यांच्यासाठी ३८ इंचांचे ओटे करून घेतले. ते अख्खं किचन आज वॉशिंग्टनमधल्या स्मिथसोनियनच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयात आहे. आपल्या सूत्रानं त्यांना ४० इंचांच्याही वर हवं होतं, पण नेहमीच्या मापाला चिकटून न राहता माणूस बघून ओटा करायचा, हे त्यांनी साठ वर्षांपूर्वीच केलं होतं.

तुम्हीही मिस्त्रीला कडप्पा बसवण्याआधीच आकडा द्या. हे मुद्दे विसरू नका:

- माप तयार टाइल्सपासून ग्रॅनाइटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचं सांगा.
- शक्य असेल तर दोन पातळ्या करा: चिरण्याचा आणि सिंकचा भाग उंच, गॅसचा भाग खाली.
- ओटा वाढवला की भिंतीवरचे प्लग, खिडकीची चौकट, नळ आणि चिमणीचं अंतर बदलतं. चिमणी-शेगडीतलं अंतर कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे ठेवा.
- मॉड्युलर कपाटांना फिरवून वर-खाली होणारे पाय असतील तर एखादा इंच तिथूनच मिळू शकतो. पण ग्रॅनाइट कपाटांवर टेकलंय की कडप्प्यावर, हे आधी बघा. कडप्प्यावर असेल तर पाय फिरवून काही होणार नाही.

मोटरवर वर-खाली होणारे ओटेही मिळतात. युरोपात ते प्रामुख्यानं व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी बनवले जातात. बटण दाबलं की ओटा सरकतो, पाण्याचे पाइप लवचिक असतात आणि खाली काही अडकलं तर मोटर थांबते. ते महाग आहेत. पण आपल्याकडे मिळणाऱ्या मोटरच्या स्टँडिंग डेस्कची फ्रेम घेऊन, तिच्यावर लाकडी फळी टाकून चिरण्याचं वेगळं टेबल करता येतं. फक्त ते सिंकपासून दूर, कोरड्या जागी ठेवा.

घरात आई ५ फूट आणि मी ६ फूट, मग?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: कमी उंचीच्या ओट्यावर पाट ठेवून उंची वाढवता येते, पण उंच ओटा कोणासाठी खाली करता येत नाही. ओटा ४० इंच केला तर आईला दिवसभर खांदे उचलून काम करावं लागेल. तुमची कंबर वाचेल आणि तिची मान-खांदे दुखतील. "मग आईनंच पाटावर उभं राहावं" हा उपाय तर नकोच, गरम भांडं हातात असताना पाय घसरायला वेळ लागत नाही.

म्हणून ओटा घरात रोज काम करणाऱ्या सगळ्यात कमी उंचीच्या माणसाच्या मापाचा ठेवा आणि उंच माणसानं आपला पाट आणि टब वापरावा. काम झालं की उचलून ठेवायचं. अर्थात पाट आणून ठेवल्यावर "ओटा मला पुरत नाही" ही सबब मात्र चालणार नाही, भांडी घासावीच लागतील!

आणि एक सूचना: दुखणं कमरेवरून पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा वाटत असेल, तर पाट-चौरंगात वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवा.

आज रात्री भांडी घासायच्या आधी फोन लावून व्हिडिओ घ्या आणि उद्या टेप घेऊन कोपर मोजा. तुमचा आकडा मिळाला की किती उंचीचा पाट हवा, हे सुताराला सांगायला दोन मिनिटंही लागणार नाहीत.