आखून दिलेलं आकाश : यवतमाळ जिल्ह्यासाठी मॉडेल हेलिकॉप्टर स्पर्धेचा विचार

ऑगस्ट २०२१ मध्ये महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीचा चोवीस वर्षांचा एक तरुण स्वतः बांधलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना गेला. वेल्डिंगचं काम करणारा, शाळा आठवीपर्यंत. मोटारीचं इंजिन, लोखंडी नळ्या, पत्रा आणि इंटरनेटवर बघून मिळवलेली माहिती, एवढ्या भांडवलावर त्यानं एका माणसाला बसता येईल असं यंत्र उभं केलं होतं. चाचणीत शेपटीकडचा पंखा तुटून मुख्य पंख्यावर आदळला आणि मुख्य पंख्याचं पातं त्याच्या डोक्याला लागलं. बातमी देशभर गेली. लोक हळहळले, कुणी त्याच्या जिद्दीचं कौतुक केलं, कुणी वेडेपणा म्हटलं. पण एक प्रश्न तेव्हा कुणी फारसा विचारला नाही, तो आजही विचारायला हवा. या मुलाला आपलं यंत्र जाणत्या माणसाला दाखवून ‘हे नट बदल, ही पाती उतरव, आज उडवू नको’ असं ऐकून घ्यायचं असतं, तर त्यानं यवतमाळ जिल्ह्यात कुठं जायचं होतं?

अशी जागा उभी करण्याचा मला ठाऊक असलेला सगळ्यात कमी खर्चाचा आणि सगळ्यात पारखलेला मार्ग म्हणजे रेडिओवर चालणाऱ्या मॉडेल हेलिकॉप्टरांची, जगभर मान्य असलेल्या नियमांनी घेतलेली कसरतींची स्पर्धा. जत्रेतलं प्रदर्शन मला अभिप्रेत नाही. गुणपत्रिका, पंच, आखलेलं मैदान आणि उड्डाणाआधीची तपासणी असलेली स्पर्धा मी म्हणतो आहे.

मॉडेल हेलिकॉप्टरचा इतिहास तसा अलीकडचा. मॉडेल विमानं रेडिओवर उडायला लागून बरीच वर्षं झाली तरी हेलिकॉप्टर काही केल्या हातात येत नव्हतं. विमान हवेत सोडलं की स्वतःला थोडंफार सावरतं. हेलिकॉप्टर सावरत नाही. चारही दिशांना, वर-खाली आणि स्वतःभोवती, सगळ्या हालचाली उडवणाऱ्याला एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. जर्मनीच्या डिटर श्ल्यूटर यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस हे कोडं सोडवलं आणि १९७० मध्ये त्यांच्या ह्यूकोब्रा मॉडेलनं जागतिक विक्रम नोंदवले. पुढं जपान, अमेरिका आणि युरोपात हा छंद इतका वाढला, की आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाला त्यासाठी वेगळे वर्ग करावे लागले. १९०५ मध्ये स्थापन झालेली ही संस्था, म्हणजे एफएआय, फुग्यांपासून ग्लायडरपर्यंत सगळ्या हवाई खेळांचे नियम ठरवते. तिच्या क्रीडासंहितेत हेलिकॉप्टर कसरतींचा वर्ग ‘एफ-थ्री-सी’ आणि मुक्तशैलीचा वर्ग ‘एफ-थ्री-एन’ या नावानं ओळखला जातो. भारतात या महासंघाची सदस्य संस्था एअरो क्लब ऑफ इंडिया आहे. म्हणजे नियमपुस्तिका शोधायला आपल्याला लांब जायचं नाही, ती तयार आहे.

तिची चव कळायला हॉव्हरचा, म्हणजे हवेत एका जागी तरंगण्याचा, एकच प्रकार जवळून पाहू. स्पर्धक आपल्या वर्तुळात उभा असतो. समोर हेलिपॅड, त्याच्या दोन्ही बाजूंना झेंडे. मॉडेल हेलिपॅडवरून सरळ वर उठतं आणि डोळ्यांच्या पातळीला, दोन मीटरवर, थांबतं. किमान दोन सेकंद तिथं हलायचं नाही. मग ते मागं किंवा बाजूला झेंड्यापर्यंत सरकतं, पुन्हा थांबतं, तिथं स्वतःभोवती पूर्ण गिरकी घेतं. या गिरकीला पिरुएट म्हणतात आणि तिचा वेग सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकसारखा हवा. वारा डावीकडून येत असेल तर गिरकीच्या प्रत्येक क्षणी मॉडेलचं वेगळं अंग वाऱ्याकडे होतं. उडवणाऱ्याचे अंगठे त्यानुसार सतत बदलत राहतात, आणि बघणाऱ्याला मात्र मॉडेल हवेत खिळल्यासारखं दिसतं. पंच ते मागं बसून पाहतात. मॉडेल वीतभर वर गेलं, थांबा दीड सेकंदाचाच झाला, गिरकी मध्येच मंदावली, की गुण कापले जातात. शून्य ते दहा, अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या पायरीनं. कसरतीच्या अवघडपणानुसार तिला गुणक असतो आणि गुणांना त्यानं गुणलं जातं.

हॉव्हरनंतर उंचावरच्या कसरती येतात : लूप, रोल, स्टॉल टर्न आणि त्यांच्या जोडण्या. शेवटी बहुतेक वेळा ऑटोरोटेशन. मोटर बंद करायची आणि खाली येताना हवेनं फिरत ठेवलेल्या पंख्याच्या साठवलेल्या गतीवर, अगदी जमिनीजवळ पात्यांचा कोन वाढवून, आखलेल्या वर्तुळात अलगद टेकायचं. खऱ्या हेलिकॉप्टरचं इंजिन बंद पडलं तर वैमानिक हेच करतो. माझ्या मते सबंध स्पर्धेतली ही सगळ्यात मोलाची कसरत, कारण बिघाड झाल्यावर काय करायचं याचा सराव ती प्रत्येकाकडून करून घेते.

स्पर्धकाशेजारी एक साथीदार उभा असतो, तो पुढची कसरत मोठ्यानं सांगतो, वारा आणि जागा यांची आठवण देतो. आकाशही मोकळं सोडलेलं नसतं. आडवे १२० अंश आणि उभे ६० अंश, एवढ्या खिडकीत सगळं व्हायला हवं. बाहेर गेलं तर गुण जातात. प्रत्येक फेरीतल्या सर्वोत्तम उड्डाणाला १००० गुण धरून बाकीच्यांचे गुण त्या प्रमाणात मोजले जातात. सकाळची फेरी शांत हवेत झाली आणि दुपारची वाऱ्यात, तरी दोन्ही फेऱ्यांचं वजन सारखं राहतं. हा साधा हिशेब आहे, पण नवख्या आयोजकांच्या हातून नेमका हाच सुटतो. ते सगळे कच्चे गुण एकत्र करून बेरीज मांडतात आणि मग भांडणं होतात.

मुक्तशैलीबद्दल थोडक्यात. त्यात स्पर्धक ठरावीक कसरती यादीतून निवडतो, शिवाय स्वतःची रचना आणि संगीतावरचं उड्डाण असतं. अमेरिकेच्या कर्टिस यंगब्लड यांच्यासारख्यांनी उलट्या हॉव्हरपासून ही शैली घडवली, आणि तेच यंगब्लड शिस्तीच्या एफ-थ्री-सी वर्गातही जगज्जेते होते. मुलांना व्हिडिओत दिसते ती हीच शैली. यवतमाळात मात्र सुरुवात हिच्यापासून करू नये, असं मी ठामपणे म्हणेन.

कारण आकडे पाहा. ज्याला सातशेचा वर्ग म्हणतात त्या मॉडेलची पाती सुमारे ७०० मिलिमीटर लांब असतात, पंख्याचा व्यास दीड मीटरच्या वर. मिनिटाला २००० फेऱ्या धरल्या तर पात्याचं टोक सेकंदाला सुमारे १६५ मीटर जातं, म्हणजे ताशी सहाशे किलोमीटरच्या आसपास. पाच किलोचं हे यंत्र खेळणं नाही. एफ-थ्री-सीच्या नियमांत धातूच्या पात्यांना बंदी आहे ती याच कारणासाठी. फुलसावंगीत जे झालं त्याचं मूळ याच शक्तीत होतं, फक्त कितीतरी मोठ्या प्रमाणात. त्यामुळं पहिली दोन वर्षं ४५०च्या वर्गापुरती स्पर्धा ठेवावी. ही मॉडेलं साधारण किलोभराच्या आत-बाहेर असतात. वाऱ्यात ती जास्त हलतात हे खरं, पण शिकणाऱ्याच्या खिशाला आणि अंगाला परवडतात.

कायदाही याच बाजूला झुकतो. फुलसावंगीच्या घटनेनंतर जेमतेम दोन आठवड्यांनी, २५ ऑगस्ट २०२१ला, केंद्र सरकारचे ड्रोन नियम आले. त्यात २५ किलोपर्यंतच्या, शिक्षण, संशोधन किंवा छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवायच्या मॉडेलांना वेगळं स्थान दिलं आहे. त्यांना प्रकार-प्रमाणपत्राची अट नाही. दोन किलोपर्यंतचं यंत्र व्यवसायासाठी नसेल तर ते उडवणाऱ्याला वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही. डिजिटल स्काय या सरकारी नकाशावरच्या हिरव्या पट्ट्यात १२० मीटर, म्हणजे चारशे फुटांपर्यंत, पूर्वपरवानगीशिवाय उडवता येतं. आता ही मर्यादा आणि स्पर्धेची खिडकी जुळवून पाहा. मॉडेल स्पर्धकापासून ६० मीटरवर असेल तर साठ अंशांच्या कोनाची उंची सुमारे १०४ मीटर भरते. म्हणजे कसरतीची रेषा साठ मीटरवर आखली की स्पर्धा आपोआप कायद्याच्या छताखाली राहते. शंभर मीटरवर आखली तर राहत नाही. मैदान आखणाऱ्यानं हा एवढा हिशेब आधी करायचा. यवतमाळजवळ भारी इथं विमानतळाची धावपट्टी आहे, तेव्हा शहरालगतची जागा निवडताना डिजिटल स्काय नकाशावर पट्ट्याचा रंग आधी पाहणं हे आयोजकाचं पहिलं काम. विम्याचं दुसरं.

जागेबद्दल. शहरातलं समता मैदान लोकांच्या सोयीचं आहे, पण चारही बाजूंना वस्ती, तारा आणि रहदारी. हेलिकॉप्टरला ते चालणार नाही. हवं ते गावाबाहेरचं, पऱ्हाटी नसलेलं सपाट वावर, ज्याच्या एका बाजूला माणसं आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. आपली काळी माती इथं अडचण करते. कोरड्या मातीवर हेलिकॉप्टर उठलं की पंख्याखालची हवा धूळ उडवते. ती बेअरिंगात आणि सर्व्होत बसते, स्पर्धकाच्या डोळ्यांत जाते आणि पंचांना मॉडेलच दिसेनासं होतं. म्हणून हेलिपॅडभोवती जाड सतरंजी नव्हे, ताणून खुंट्या मारलेली हिरवी शेडनेट किंवा चोपून पाणी मारलेली जमीन हवी. सतरंजीची कडा पंख्याच्या हवेनं उचलली जाते आणि पात्यात अडकू शकते.

महिना डिसेंबर-जानेवारीचा. सोयाबीन निघालेलं, कापसाच्या वेचण्या चालू, सकाळी वारा पडलेला. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे. १४ अंशांची डिसेंबरातली सकाळ आणि ४२ अंशांची मे महिन्यातली दुपार यांची तुलना केली तर उन्हाळ्यात हवेची घनता सुमारे नऊ टक्क्यांनी कमी भरते. पंख्याला तेवढंच कमी बळ मिळतं, मोटर आणि बॅटरी तापतात. उन्हाळी सुट्टीत मुलं मोकळी असतात म्हणून मे महिन्यात स्पर्धा ठेवण्याचा मोह होईल. तो टाळावा.

माणसं कुठून आणायची? पंच मिळणं ही खरी अडचण. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागात एअरोमॉडेलिंग शिकवलं जातं आणि अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धा होतात. नागपूरची हवाई तुकडी आपल्याला जवळची. यवतमाळात आणि पुसदला अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, आयटीआय आहेत. तिथले शिक्षक यंत्राची तपासणी उत्तम करू शकतील. पण कसरत पारखणं हे वेगळं कौशल्य आहे. त्यासाठी तीन-चार जणांनी नियमपुस्तिका घेऊन, व्हिडिओ पाहत, एकाच उड्डाणाला स्वतंत्रपणे गुण देऊन मग आपापसांत ताडून पाहायचे. दोन महिने दर रविवारी हे केलं तर बरीच एकवाक्यता येते. स्पर्धकांना सिम्युलेटरची सोय करून द्यावी. संगणकावर शंभरदा आपटलं तरी एक पैसा जात नाही; मैदानावर एकदा आपटलं की पाती, शाफ्ट, गिअर सगळं नव्यानं घ्यावं लागतं.

नियमांच्या चौकटीत आणलेला खेळ टिकतो, हे विदर्भाला कुणी शिकवायला नको. शंकरपटाचं, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचं, उदाहरण आपल्यासमोर आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं तो थांबला. राज्यानं कायदा आणि नियम केले, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं तो कायदा कायम ठेवला. जोड्या आज सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या हिशेबानं धावतात. पट भरवणाऱ्या गावांना गर्दी आवरणं, दोऱ्या बांधणं, क्रमांक पुकारणं, निकालावरून झालेली कुरबुर मिटवणं हे सगळं येतं. हेलिकॉप्टर स्पर्धेला लागणारं निम्मं मनुष्यबळ याच माणसांत आहे.

कुणी विचारेल, कापसाच्या भावाची चिंता असलेल्या जिल्ह्यानं हे कशाला करायचं? जपानचं उत्तर माझ्याकडे आहे. यामाहा कंपनीनं १९८७ मध्ये आर-५० हे मानवरहित हेलिकॉप्टर शेतातल्या फवारणीसाठी आणलं, पुढं आर-मॅक्स आलं, आणि जपानी भातशेतीत ते रुळलं. त्याच देशाच्या वैमानिकांनी मॉडेल हेलिकॉप्टरांच्या जागतिक स्पर्धाही अनेकदा जिंकल्या. हाताला मिळालेली सवय दोन्हीकडे कामाची. आपल्या जिल्ह्यात २०१७च्या हंगामात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाले. पाठीवरचा पंप खाली ठेवून दुरून फवारणी करायची तर चालवणारे कसबी हात लागतील, आणि बिघाड ओळखून यंत्र जमिनीवरच थांबवणारी माणसंही लागतील. ती अशा मैदानांवर घडतात.

पहिल्या वर्षी म्हणूनच एवढंच करावं. एक दिवस, एक वर्ग, दोन किलोच्या आतली मॉडेलं. पाच कसरती : चौकोनी हॉव्हर, गिरकीसह हॉव्हर, आडवा आठ, एक लूप आणि सुरक्षित उतरणं. ऑटोरोटेशन दुसऱ्या वर्षी. उड्डाणाआधी प्रत्येक मॉडेलची तपासणी : पात्यांना तडा आहे का, शेपटीचा पट्टा किंवा शाफ्ट ढिला आहे का, सिग्नल तुटल्यावर मोटर बंद पडते का हे ट्रान्समीटर बंद करून प्रत्यक्ष पाहायचं, अर्थात पाती उतरवून. तपासणीत नापास झालेल्याला घरी पाठवायचं नाही. बाजूच्या टेबलावर आयटीआयच्या शिक्षकांसोबत दुरुस्ती करून दुपारच्या फेरीत उडू द्यायचं. मॉडेल सुरक्षारेषेच्या मागे आलं तर ते उड्डाण तिथंच बाद, अपवाद नाही. आणि प्रत्येक स्पर्धकाला, तो शेवटचा आला तरी, पंचांनी भरलेली पूर्ण गुणपत्रिका हातात द्यायची, कुठल्या कसरतीत किती गुण का गेले ते लिहून. नोंदणी सोळाही तालुक्यांसाठी खुली ठेवावी आणि पदवीची अट कुठंही असू नये. गॅरेजमध्ये काम करणाऱ्या मुलाला अर्ज भरताना ‘शिक्षण’ हा रकानाच दिसता कामा नये.